गोडं पाणी आणि खारं पाणी

हा पाठ दोन बैठकांत वाचावा. मुलांनी मोठ्याने वाचायचं. शब्द अडला तर शेजारी बसलेल्या आजी-आजोबांना विचारायचं. ज्येष्ठ मंडळींनी उत्तर मराठीतच द्यावं ही विनंती.

१. ओएसिसची विहीर कुठे?

आपण राहतो त्या वस्तीचं नाव दुबई सिलिकॉन ओएसिस. संगणकाच्या चिप ज्यापासून बनतात ते सिलिकॉन. ते वाळूतही असतं. आणि ओएसिस म्हणजे वाळवंटातली अशी जागा, जिथे जमिनीखालचं गोडं पाणी वर येतं, त्यावर खजुरी वाढतात आणि माणसं वस्ती करतात. मराठी पुस्तकांत तिला मरूद्यान म्हणतात.

मागे एकदा वर्गातल्या एका मुलाने विचारलं, "मग आपल्या ओएसिसची विहीर कुठे आहे?" सगळे हसले. पण प्रश्न बरोबर होता. आपल्याकडे विहीर नाही, झरा नाही. संयुक्त अरब अमिरातीत बारमाही वाहणारी एकही नदी नाही. तरी नळ सोडला की गोडं पाणी येतं. ते येतं कुठून?

तेव्हा वर्गातल्या एक आजी म्हणाल्या, "आमच्या अलिबागकडच्या वाडीत विहीर होती. समुद्र दोनशे पावलांवर, पण विहिरीचं पाणी असं गोड की पाहुणे मागून प्यायचे. आता भाऊ म्हणतो, पाणी मचूळ झालं. नारळही धरत नाही. वाडी विकून टाकू या का, असं विचारत होता."

मुलांना 'मचूळ' हा शब्द माहीत नव्हता. आणि समुद्राजवळच्या विहिरीत आधी गोडं पाणी कसं होतं, मग ते बिघडलं कसं, हे मोठ्यांपैकीही कुणाला नीट सांगता येईना. मुलाचा प्रश्न आणि आजींची विहीर, या दोन्हींचं उत्तर शोधण्यासाठी हा पाठ लिहिला आहे.

२. आधी शब्द शिकू

गोडं पाणी : पिण्याजोगं पाणी. यात साखर नसते. मीठ फार कमी असतं, म्हणून ते गोडं.

खारं पाणी : समुद्राचं पाणी.

मचूळ : गोडंही नाही आणि पुरतं खारंही नाही असं, किंचित खारट लागणारं पाणी. पिऊन तहान भागत नाही.

जड पाणी : ज्यात डाळ लवकर शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. त्यात चुना, मॅग्नेशियम असे क्षार जास्त असतात.

भरती आणि ओहोटी : समुद्राचं पाणी चढतं ती भरती, उतरतं ती ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला येते ती मोठी भरती म्हणजे उधाण.

खाडी : नदी समुद्राला मिळते तिथे भरतीचं पाणी आत शिरतं तो भाग. अरबीत हिलाच खोर म्हणतात.

खाजण : खाडीकाठची खारी, चिखलाची जमीन.

उघाडी : खाजणाच्या बांधातलं दार. ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडायचं, भरतीला बाहेरचं आत येऊ द्यायचं नाही, हे तिचं काम.

रहाट : विहिरीतून पाणी वर काढायचं चाक.

३. पृथ्वीचं पाणी एका पिंपात

पृथ्वीचा सुमारे ७१ टक्के पृष्ठभाग पाण्याने झाकलेला आहे. मग पाण्याची टंचाई कशी? हिशेब करून पाहू. पृथ्वीवरचं सगळं पाणी १०० लिटरच्या एका पिंपात भरलं आहे असं समजा.

त्यातलं साधारण साडेसत्त्याण्णव लिटर पाणी खारं. उरलं अडीच लिटर, तेवढंच गोडं.

या अडीच लिटरांतलं पावणेदोन लिटरच्या आसपास पाणी दक्षिण ध्रुव, ग्रीनलंड आणि उंच डोंगरांवर बर्फ होऊन बसलं आहे. पाऊण लिटर जमिनीखाली आहे. विहिरी आणि झरे त्याच्यावर चालतात. आता हातात राहिलं सुमारे ३० मिलिलिटर, म्हणजे दोन मोठे चमचे. जमिनीत गोठलेलं पाणी, तळी, सरोवरं, दलदल, मातीतला ओलावा, हवेतली वाफ आणि सगळ्या नद्या या दोन चमच्यांत.

आणि फक्त नद्या? गंगा, नाईल, अ‍ॅमेझॉन आणि आपली कुंडलिकासुद्धा धरून, तीन थेंब.

हे तीन थेंब संपत कसे नाहीत? कारण ते फिरते आहेत. ऊन समुद्राचं पाणी वर उचलतं. वाफ होताना मीठ खाली राहतं, पाणी तेवढं वर जातं. त्याचे ढग होतात, पाऊस पडतो, नद्या वाहतात आणि पाणी पुन्हा समुद्राला मिळतं. गोडं पाणी हे समुद्राचंच पाणी आहे, काही दिवसांसाठी मीठ खाली ठेवून निघालेलं.

४. समुद्र खारट का?

पावसाचं पाणी खडकांवरून वाहताना त्यातले क्षार थोडे थोडे विरघळवून नेतं. नदीत ते इतके कमी असतात की जिभेला कळत नाहीत. पण नदी ते समुद्रात टाकते, आणि समुद्रातून पाणी उडून जातं, क्षार उडत नाहीत. कोट्यवधी वर्षं हेच चालू आहे. समुद्रतळाच्या ज्वालामुखींतूनही काही क्षार येतात. आज महासागराच्या एक किलो पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात.

इस्रायलमध्ये ही गोष्ट एका नदीवर दिसते. यार्देन नदी किन्नेरेथ सरोवरात शिरते आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडते. सरोवरातलं पाणी पुढे जात राहतं, म्हणून किन्नेरेथ गोडं. तीच नदी पुढे मृत समुद्रात उतरते. मृत समुद्र ही पृथ्वीवरची सर्वांत सखल उघडी जागा, समुद्रसपाटीच्या ४३० मीटरहून खाली. तिथून पुढे वाट नाही. पाणी फक्त उन्हाने उडून जातं आणि क्षार साचतात. म्हणून त्याच्या एक किलो पाण्यात ३४० ग्रॅमच्या आसपास क्षार आहेत, महासागराच्या जवळजवळ दहापट. नदी एक, सरोवरं दोन. फरक फक्त पाणी पुढे जातं की अडतं याचा.

आपल्या दारातलं आखातही काहीसं असंच आहे. ते उथळ आहे. सरासरी खोली ३५ मीटरच्या आसपास. ऊन कडक, पाऊस कमी, आणि महासागराशी जोडणारी वाट होर्मुझच्या सामुद्रधुनीची, अरुंद. मोठ्या प्रमाणावर गोडं पाणी आणून देतो तो एकच मोठा प्रवाह, शत्त-अल-अरब. म्हणजे फरात आणि तिग्रिस या बाबेलच्या नद्यांचं एकत्र झालेलं पाणी. तेही आता वरच्या धरणांमुळे कमी झालं आहे. म्हणून आखाताचं पाणी अरबी समुद्राहून खारट. किलोला ४० ग्रॅमच्या आसपास क्षार.

५. नवगावचा किनारा

आपल्या समाजाची गोष्ट खाऱ्या पाण्यातून सुरू होते. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांना तिथेच पुरलं, ही परंपरा मुलांनी घरी ऐकलेली आहे. नवगावला आज त्याचं स्मारक आहे.

आता विज्ञानाच्या अंगाने विचार करा. त्या चौदा जणांना किनाऱ्यावर आल्यावर सर्वांत आधी काय लागलं असेल? अन्नाशिवाय माणूस बरेच दिवस काढतो, पाण्याशिवाय थोडेच. आणि समोर एवढा समुद्र असून त्याचा उपयोग नाही. आपली मूत्रपिंडं समुद्राच्या पाण्याइतकं खारट मूत्र बनवू शकत नाहीत. एक पेला समुद्राचं पाणी प्यायलं, तर त्यातलं मीठ बाहेर टाकायला शरीराला एका पेल्याहून जास्त पाणी खर्च करावं लागतं. म्हणजे पिऊन तहान वाढते.

परंपरा हे सांगत नाही की त्यांना पहिलं पाणी कुणी दिलं. पण ती माणसं जगली, तेव्हा गोडं पाणी मिळालं हे नक्की. आणि परक्या किनाऱ्यावर विहीर कुठे आहे हे गावचं माणूसच दाखवतं.

पुढे हीच माणसं कोकणात तेलाचे घाणे चालवू लागली, शब्बाथला घाणा बंद ठेवत म्हणून शनवार तेली म्हणवली गेली, आणि गावांवरून आडनावं पडली. ती गावं नकाशावर पाहा. रोहा आणि अष्टमी कुंडलिकेच्या दोन काठांवर. चेऊल तिच्या मुखाजवळ. पेण खाडीच्या आत. रोहेकर, अष्टमकर, चेऊलकर, पेणकर. जिथे गोडं पाणी खाऱ्याला भेटतं, त्या पट्ट्यातली ही नावं आहेत.

अलिबाग या नावाचीही एक कथा आहे. अली नावाच्या श्रीमंत माणसाने इथे बागा लावल्या, विहिरी खणल्या, म्हणून अलीची बाग, अलिबाग. काही जण म्हणतात तो मुसलमान होता; आपल्यातले काही म्हणतात तो एली, बेने इस्रायल होता. तो कुणीही असो, त्याचं नाव गावाला मिळालं ते विहिरींमुळे आणि बागांमुळे.

६. समुद्राशेजारी गोडी विहीर

अलिबागला ओहोटीच्या वेळी चालत कुलाबा किल्ल्यात जाता येतं. भरतीला त्याच्या चारही बाजूंना समुद्र असतो. आणि आत गोड्या पाण्याची विहीर आहे. मुरूडच्या जंजिऱ्यातही गोड्या पाण्याचे तलाव आहेत. पाहणाऱ्याला चमत्कार वाटतो. जंजिऱ्याच्या तलावांत पावसाचं पाणी साठवलेलं असतं, हे समजायला सोपं. पण किनाऱ्यावरच्या वाळूत खणलेली विहीर गोडी कशी?

एक लिटर गोडं पाणी साधारण १००० ग्रॅम भरतं. एक लिटर समुद्राचं पाणी साधारण १०२५ ग्रॅम. गोडं पाणी हलकं, म्हणून ते खाऱ्यावर तरंगतं. किनाऱ्यावरच्या वाळूत पावसाचं पाणी मुरतं आणि खालून आत शिरलेल्या समुद्राच्या पाण्यावर थर करून राहतं. वाळूमुळे दोन्ही सहज ढवळली जात नाहीत.

हा थर किती जाड असतो? १९०० च्या आसपास युरोपच्या किनाऱ्यांवर काम करणाऱ्या घायबेन आणि हर्झबर्ग यांनी हिशेब मांडला. जमिनीतलं गोडं पाणी समुद्रसपाटीच्या एक हात वर असेल, तर खाली चाळीस हातांपर्यंत गोडं पाणी असतं. जसं बर्फाचा तुकडा पेल्यात थोडा वर आणि बराच खाली असतो, तसंच.

आता हाच हिशेब उलटा करा. उपसून उपसून वरची पातळी एक हात उतरली, तर कालांतराने खालचं खारं पाणी चाळीस हात वर येतं. आजींच्या विहिरीचं हेच झालं.

आजींनी सांगितलं ते असं. त्यांच्या लहानपणी विहिरीवर रहाट होता. सकाळी वाडीपुरतं पाणी काढायचं, मग विहीर दिवसभर आणि रात्रभर भरत राहायची. पुढे पंप बसला. बटण दाबलं की पाणी. मग शेजारच्या वाड्यांतही पंप आले, पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या गेल्या, त्यांच्या टाक्या भरू लागल्या. कुणीतरी म्हणालं पाणी कमी पडतं तर आणखी खोल जा. म्हणून बोअर मारली. किनाऱ्यावर खोल जाणं म्हणजे खाऱ्या पाण्याच्या जवळ जाणं, हे कुणी सांगितलं नाही. दोन उन्हाळे पाणी जड लागलं. तिसऱ्या उन्हाळ्यात मचूळ झालं.

"कुणी वाईट केलं नाही," आजी म्हणाल्या. "प्रत्येकाने आपापल्या विहिरीतलं पाणी घेतलं. पण खालचं पाणी एकच होतं."

७. खारेपाटाचे बांध

कोकणातल्या माणसांना गोड्या-खाऱ्याची ही ओढाताण माहीत नव्हती असं नाही. अलिबाग-पेणच्या खाडीकाठच्या पट्ट्याला खारेपाट म्हणतात. तिथली भातशेती बरीचशी खाजणावर बांध घालून मिळवलेली आहे. चिकणमातीचा बांध भरतीला अडवतो. पावसाळ्यात शेतात गोडं पाणी तुंबतं, जमिनीतलं मीठ विरघळवतं, आणि ओहोटीला उघाडी उघडली की ते मीठ घेऊन बाहेर जातं. पाऊस पुरेसा झाला की वरच्या गोड्या थरावर भात उभं राहतं. खाऱ्या जमिनीत तग धरणारी भाताची वाणंही आहेत. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने अशी वाणं तयार केली आहेत.

या बांधांची राखण हे रोजचं काम. खेकडे बिळं करतात, उधाणाच्या लाटा माती खातात. एका रात्रीत बांधाला खांड पडली तर समुद्र आत शिरतो, आणि मीठ धुऊन निघायला काही पावसाळे जातात. म्हणून जुन्या काळी शिलोत्री नावाची पद्धत होती. बांध घालून देणारा आणि राखणारा तो शिलोत्रीदार. त्यासाठी कुळं त्याला धान्य देत. या देण्यावरून भांडणंही झाली असतील. पण गोडं पाणी राखायला खर्च येतो आणि तो सगळ्यांनी मिळून द्यायचा असतो, हे त्या व्यवहारात मान्य होतं.

खाडीत बांधाबाहेर तिवरांची झाडं असतात. ती मिठाला घाबरत नाहीत. जास्तीचं मीठ पानांतून बाहेर टाकतात. आपल्याला तिवर पाहायला कोकणात जावं लागत नाही. दुबईच्या खाडीच्या टोकाला रास अल खोर आहे, जिथे आपण फ्लेमिंगो पाहायला जातो. तिथे उभी असलेली झाडं तिवरच आहेत. पान उन्हात नीट पाहिलं तर त्यावर मिठाचे बारीक कण दिसतात. पान तोडू नका. ते राखीव क्षेत्र आहे.

८. इथलं पाणी

आता मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. या देशात नळ येण्याआधी माणसं काय पीत होती?

डोंगराच्या पायथ्याशी जिथे जमिनीखाली गोडं पाणी होतं, तिथून ते उतारावरच्या बोगद्याने वस्तीपर्यंत आणत. या पाटाला फलज म्हणतात. अल ऐनमधला हिली इथला फलज सुमारे ३००० वर्षांपूर्वीचा आहे, आणि अल ऐनची ही ठिकाणं २०११ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. फलजचं पाणी वेळ मोजून वाटलं जाई. ज्याची पाळी संपली त्याने पाट बंद करून पुढच्याला द्यायचा. किनाऱ्यावरच्या लोकांकडे उथळ विहिरी होत्या, बऱ्याच मचूळ.

आज दुबईच्या नळाचं जवळजवळ सगळं पाणी समुद्राचं आहे. जबल अलीच्या केंद्रांत ते गोडं करतात. रोज सुमारे ४९ कोटी गॅलन, म्हणजे २२० कोटी लिटर पाणी बनवण्याची सोय दुबईकडे आहे. पद्धती मुख्यतः दोन.

पहिली पद्धत उन्हाचीच नक्कल. समुद्राचं पाणी तापवायचं आणि कमी दाबाच्या खोल्यांत एकापाठोपाठ एक सोडायचं. दाब कमी केला की पाणी कमी उष्णतेतही भसकन उकळतं. वाफ थंड करून गोडं पाणी गोळा करायचं. उष्णता शेजारच्या वीजकेंद्राची, जी एरवी वाया गेली असती.

दुसरी पद्धत पडद्याची. खारं पाणी एका फार बारीक पडद्यावर जोराने दाबायचं. पाणी पार जातं, मीठ मागे राहतं. जोर किती? गाडीच्या टायरमध्ये असतो त्याच्या सुमारे पंचवीसपट किंवा त्याहूनही जास्त. घरात स्वयंपाकघरातल्या आरओ यंत्रात हाच पडदा असतो, फक्त लहान.

उपयोगी पडेल असा पहिला पडदा १९६० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत दोघांनी बनवला. एक सिडनी लोब, अमेरिकन ज्यू इंजिनियर. दुसरे श्रीनिवास सौरिराजन, भारतातून गेलेले रसायनशास्त्रज्ञ. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोलिंगा गावाला या पद्धतीचं पाणी मिळू लागलं; तिथलं विहिरीचं पाणी मचूळ होतं. लोब पुढे इस्रायलमध्ये गेले आणि बेरशेबाच्या विद्यापीठात शिकवू लागले. यार्देनचं गोडं पाणी मृत समुद्रात मिसळताना वाया जाणाऱ्या शक्तीचा त्यांनी विचार केला आणि गोडं-खारं पाणी मिळतं तिथून वीज काढण्याची एक रीत १९७० च्या दशकात मांडली. एक ज्यू आणि एक भारतीय यांनी मिळून केलेल्या पडद्यातून आज निम्म्या जगाच्या किनाऱ्यांवर पाणी गाळलं जातं. आपल्या वर्गाने ही जोडी लक्षात ठेवायला हरकत नाही.

हे पाणी फुकट मात्र नाही. पडद्याने एक हजार लिटर समुद्राचं पाणी गोडं करायला साधारण तीन-चार युनिट वीज लागते. आणि मागे उरलेलं दाट खारं पाणी पुन्हा आखातातच सोडावं लागतं. आखात उथळ आणि अरुंद वाटेचं आहे हे आपण पाहिलंच. ज्या विहिरीतून प्यायचं, तिच्यातच मीठ परत टाकायचं, अशी ही अडचण आहे. म्हणून सोडताना ते पसरवून सोडतात आणि कमी विजेच्या पद्धती शोधतात.

दुसरी काळजी अशी. समुद्रात तेल सांडलं किंवा यंत्रं थांबली तर? त्यासाठी अबू धाबीने लिवाच्या वाळवंटात एक साठा केला आहे. समुद्राचं पाणी गोडं करून ते वाळूखालच्या थरांत सोडलं. २०१८ मध्ये हे काम पुरं झालं. तिथे २ कोटी ६० लाख घनमीटर पाणी आहे. अडचणीच्या वेळी दहा लाख माणसांना नव्वद दिवस पुरेल. वाळूत मुरवलेलं गोडं पाणी, हवं तेव्हा उपसायचं. आजींनी हे ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हणजे विहीरच की."

९. पावसाची प्रार्थना कुठल्या पावसासाठी?

शमिनी असेरेथला आपण गेशेमची, म्हणजे पावसाची प्रार्थना म्हणतो. तेव्हा कोकणातला पाऊस परतीच्या वाटेवर असतो. इस्रायलबाहेर रोजच्या प्रार्थनेत पाऊस मागायला सुरुवात होते ती ४ किंवा ५ डिसेंबरपासून; तेव्हा कोकण कोरडं. ही तारीख आली बाबेलच्या ज्यूंकडून, फरात-तिग्रिसच्या काठच्या शेतीवरून. कोकणातल्या आपल्या आजोबा-पणजोबांनी थंडीच्या दिवसांत पाऊस मागितला तो आपल्या भातासाठी नव्हे.

गंमत अशी की दुबईत पाऊस पडतो तो डिसेंबर ते मार्चमध्येच. अलिबागला वर्षाला २००० मिलिमीटरहून जास्त पाऊस. इथे १०० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी. पण वेळ प्रार्थनेशी जुळते. इथे डिसेंबरात मागितलेला पाऊस आपल्याच डोक्यावर पडतो.

आणि कधी जास्तच पडतो. १६ एप्रिल २०२४ आपल्याला आठवतो. अल ऐनजवळ खत्म अल शकला इथे चोवीस तासांहून कमी वेळात २५४ मिलिमीटर पाऊस झाला. १९४९ पासूनच्या नोंदींतला सर्वांत मोठा. रस्त्यांवर गुडघाभर पाणी, आणि ते सगळं गोडं. टँकरने उपसून ते टाकून द्यावं लागलं, कारण मुरायला जागा नव्हती. पाऊस पडणं पुरेसं नाही. तो धरून ठेवणारी जमीन, बांध किंवा विहीर लागते.

१०. दोन्ही प्रश्नांचं उत्तर

तर मुलाला उत्तर : आपल्या ओएसिसची विहीर म्हणजे समोरचं आखात, आणि तिचा रहाट जबल अलीला आहे. हा रहाट वीज खातो आणि मीठ मागे टाकतो, म्हणून नळ वाहता ठेवून दात घासू नयेत. बाल तश्हीथ, नासधूस करू नये, ही आज्ञा पाण्यालाही लागू आहे.

आणि आजींना उत्तर : विहीर मेलेली नाही. तिच्यावरचा गोड्या पाण्याचा थर पातळ झाला आहे. वरून पाणी मुरवलं आणि खालून उपसा कमी केला तर तो पुन्हा जाड होऊ शकतो. वर्गाने आजींच्या भावाला फोन लावला. मुलांनी मोडक्या मराठीत चाळीस हातांचा हिशेब सांगितला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, बोअर बंद करतो. येत्या पावसाळ्यात छपराचं पाणी गाळून विहिरीशेजारच्या खड्ड्यात मुरवायचं त्यांनी ठरवलं आहे, आणि शेजारच्या दोन वाड्यांशीही बोलणार आहेत. शेजाऱ्यांनी ऐकलं नाही तर एकट्याने फार साधणार नाही, हेही त्यांना कळलं आहे. वाडी विकायची की नाही ते पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबलं आहे. मार्चमध्ये फोन करून पाण्याची चव विचारायची जबाबदारी ज्याने प्रश्न विचारला त्या मुलावर आहे.

शेवटी एक आठवण. कोकणात उन्हाळ्यात रस्त्याकडेला पाणपोई असते. इथे घरांच्या कुंपणाबाहेर आणि मशिदींजवळ थंड पाण्याचे नळ असतात. त्यांना सबील म्हणतात. उन्हात काम करणारा कुणीही तिथे थांबून पितो. नवगावला आपल्या पूर्वजांना कुणीतरी विहीर दाखवली असेल. आपल्या इमारतीत सामान पोचवायला येणाऱ्या माणसाला पाणी विचारायला विसरू नका.

करून पाहा

एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे मीठ विरघळवा. हे झालं साधारण समुद्राइतकं खारं पाणी. काचेच्या पेल्यात ते अर्ध्यापर्यंत भरा. वेगळ्या भांड्यात साध्या पाण्यात थोडा बीटाचा रस मिसळा. पेल्यात चमचा उलटा धरून त्याच्या पाठीवरून हे लाल पाणी अगदी हळू सोडा. लाल थर वर तरंगेल. आता नळीने वरच्या थरातलं पाणी अगदी सावकाश ओढा आणि चव पाहा. मग पेला पुन्हा तसाच तयार करून नळी खोल घाला आणि जोरात ओढा. काय फरक पडला? रहाट कोणता आणि बोअर कोणती, ते सांगा.

प्रश्न

१. किन्नेरेथ गोडं आणि मृत समुद्र खारा का? दोन वाक्यांत सांगा.
२. १०० चौरस मीटर छपरावर २००० मिलिमीटर पाऊस पडला तर किती लिटर पाणी मिळेल? तेवढ्याच छपरावर ८० मिलिमीटर पडला तर? (उत्तर : २ लाख लिटर, ८ हजार लिटर.)
३. उघाडी भरतीला उघडी राहिली तर शेताचं काय होईल?
४. आजी म्हणाल्या, "खालचं पाणी एकच होतं." आखाताला हे वाक्य कसं लागू पडतं?

आजी-आजोबांना विचारा

तुमच्या गावची विहीर कुठे होती? पाण्याची चव कशी होती? रहाट होता की कळशी आणि दोर? विहिरीवर कोण कोण येत असे? पाणी कमी झालं की काय करत? उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहून आणा. एखादा शब्द कळला नाही तर तो तसाच लिहा. वर्गात सगळे मिळून अर्थ लावू. पुढच्या पाठात आपण गावागावांच्या विहिरींची यादी करणार आहोत.